रुळांनी वसविलेली नगरी

गावे कशी वसतात याविषयी आपल्याकडे काही ठरीव कल्पना आहेत. नदीला चांगला उतार असावा आणि तेथे घाट बांधला जावा. एखाद्या सत्पुरुषाची समाधी असावी आणि तिच्याभोवती यात्रा भरू लागावी. एखाद्या सरदाराने गढी उभारावी आणि तिच्या आश्रयाने बलुतेदारांनी घरे थाटावी. निदान दोन व्यापारी वाटा एकमेकींस मिळाव्या आणि तेथे बाजार भरावा. पाणी, देव, सत्ता आणि व्यापार या चार कारणांपैकी एक तरी गावाच्या मुळाशी सापडतेच. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी इजिप्त देशात कैरो शहराच्या ईशान्येस सुमारे दहा किलोमीटरांवर एक नगरी अशी वसली की, जिच्या जागी यांपैकी काहीही नव्हते. तेथे नदी नव्हती, विहीर नव्हती, देऊळ नव्हते, तट नव्हता. होती ती केवळ वाळू. त्या वाळूवरून आगगाडीचे रूळ आधी गेले आणि मग रुळांच्या मागोमाग गाव आले. या नगरीचे नाव हेलिओपोलिस. नोकरीनिमित्त परमुलुखात घर करणाऱ्या आणि रोज घर व कचेरी यांच्या दरम्यान येरझारा घालणाऱ्या आपणां वाचकांस तिची कथा दूरची वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे.

नाव मात्र नवे नव्हते. ग्रीक भाषेत हेलिओपोलिस म्हणजे सूर्यनगरी. प्राचीन इजिप्तमधील सूर्योपासनेचे हे महापीठ. मूळ इजिप्ती लोक त्यास इयुनू म्हणत, बायबलात त्याचा उल्लेख ओन या नावाने येतो, आणि ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने तेथील पुरोहितांच्या विद्वत्तेची वाखाणणी केली आहे. त्या महानगरीचे आज वर उरले आहे ते फार थोडे. मतरिया या भागात पहिला सेनुस्रेत या राजाने उभा केलेला लाल ग्रॅनाइटचा एकसंध स्तंभ सुमारे चार हजार वर्षे आपल्या जागी उभा आहे. त्याचे कित्येक सोबती मात्र परदेशी गेले. लंडन आणि न्यूयॉर्क येथे ‘क्लिओपात्राच्या सुया’ म्हणून जे दोन स्तंभ दाखवितात, तेही मूळचे येथलेच. ज्या सूर्यनगरीचे दगड जगभर पांगले, तिचे नाव शेजारच्या ओसाड माळावरील एका नव्या वसाहतीस देण्यात आले. नाव उसने घेणारे पुरोहित नव्हते, राजेही नव्हते. ते होते एक बेल्जियन उद्योगपती आणि त्यांची कंपनी.

हे उद्योगपती म्हणजे एदुआर एम्पेन. त्यांचा जन्म १८५२ साली बेल्जियममधील एका शाळामास्तरांच्या घरी झाला. पुढे ते अभियंते झाले आणि ट्राम व आगगाड्या बांधण्याच्या धंद्यात शिरून त्यांनी अपार संपत्ती मिळविली. १९०० साली सुरू झालेली पॅरिसची भुयारी रेल्वे त्यांच्याच उद्योगसमूहाने चालविण्यास घेतली होती. कैरोत विजेच्या ट्राम घालण्याचा मक्ता त्यांना १८९४ साली मिळाला आणि १८९६ पासून त्या धावू लागल्या. कैरोचे स्वरूप त्या काळी झपाट्याने पालटत होते. १८८२ पासून देशावर इंग्रजांचा लष्करी ताबा होता. खेदिव नावाचा राजा, पण कारभार इंग्रज प्रतिनिधीचा, असा तो दुहेरी संसार चालला होता. १९०२ साली आस्वानचे पहिले धरण पुरे झाले. कापसाला भाव होता, युरोपातून भांडवल लोटत होते, आणि शहरात जमिनीच्या किमती दिवसागणिक चढत होत्या. नदीकाठची जमीन महाग. तेव्हा स्वस्त जमीन हवी तर दृष्टी वाळवंटाकडेच वळविणे प्राप्त होते.

एम्पेन यांनी ती वळविली. या कामी त्यांचे भागीदार झाले बोघोस नुबार पाशा. हे आर्मेनियन वंशाचे गृहस्थ. त्यांचे वडील नुबार पाशा इजिप्तचे पंतप्रधान होऊन गेले होते. १९०५ साली या दोघांना इजिप्त सरकारकडून एक सनद मिळाली. तिच्यान्वये अब्बासियाच्या पलीकडील ५,९५२ फेद्दान, म्हणजे सुमारे अडीच हजार हेक्टर वाळवंट त्यांना फेद्दानास एक इजिप्ती पौंड या दराने देण्यात आले. एक फेद्दान आपल्या एकराहून किंचित मोठा. जमिनीबरोबरच शहरापासून तेथवर विजेची रेल्वे घालण्याचा अधिकारही मिळाला. १९०६ साली त्यासाठी जी कंपनी स्थापन झाली तिच्या लांबलचक नावातच सारे मर्म होते: ‘कैरो विद्युत रेल्वे आणि हेलिओपोलिस मरूद्यान कंपनी’. रेल्वे आधी, उद्यान नंतर.

या व्यवहाराचे गणित नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढील शंभर वर्षांची कथा त्यातूनच निघते. वाळवंटातील जमिनीला एक पौंड दर होता, तो तेथे जाता येत नव्हते म्हणून. तेथे रेल्वे गेली की तीच जमीन कैरोचा एक भाग होणार आणि तिचा भाव अनेक पटींनी वाढणार. केवळ रेल्वे काढणाऱ्यास तिकिटाचे पैसे मिळतात. जमिनीचा वाढलेला भाव मात्र शेजारच्या जमीनदाराच्या खिशात जातो. उलट केवळ जमीन घेऊन बसणाऱ्यास रेल्वेची वाट पाहत बसावे लागते. एम्पेन यांनी दोन्ही गोष्टी एका मुठीत धरल्या. गाडी तोट्यात चालली तरी भूखंडांत फायदा, आणि भूखंड विकले जाताच गाडीस उतारू. शिवाय पाणी, वीज, सांडपाणी, रस्ते, झाडे या साऱ्यांची तजवीजही कंपनीचीच. एखाद्या नगरपालिकेने करावयाची कामे एका व्यापारी कंपनीने अंगावर घेतली होती. जोवर भूखंड विकावयाचे होते, तोवर झाडाला पाणी घालणे हे कंपनीच्या हिताचे होते. परंतु भूखंड संपल्यावर काय, हा प्रश्न सनदेच्या वेळी कोणी विचारल्याचे दिसत नाही.

मूळ बेत दोन मरूद्यानांचा होता. एक धनिकांसाठी, आणि त्यापासून अंतर राखून दुसरे कामकरी लोकांसाठी. परंतु १९०७ साली कैरोचा भागबाजार कोसळला. भराभर निघालेल्या जमिनीच्या कंपन्या भराभर बुडाल्या. हेलिओपोलिस कंपनी बुडाली नाही, परंतु तिला हात आखडता घ्यावा लागला. दुसरे मरूद्यान कागदावरच राहिले आणि जे काही बांधावयाचे ते एकाच ठिकाणी बांधावे लागले. यामुळे श्रीमंतांचे बंगले, मध्यम स्थितीतील कुटुंबांसाठी भाड्याची बिऱ्हाडे आणि कामगारांच्या वस्त्या एकाच नगरीच्या निरनिराळ्या कडांना उभ्या राहिल्या. निव्वळ धनिकांची वसाहत व्हावयाची ती नाना थरांच्या लोकांची नगरी झाली. ही गोष्ट कोणाच्या औदार्याने घडली नाही, अडचणीने घडली. तथापि, आमच्या मते हेलिओपोलिसचे गावपण याच अडचणीतून जन्मास आले. ज्या वसाहतीत सर्व एकाच मिळकतीचे लोक राहतात, तिला पेठ नसते आणि चव्हाटा नसतो. रात्री पहारेकरी तेवढा जागा असतो.

१९०८ साली विजेची जलद गाडी सुरू झाली. लोक तिला ‘मेट्रो’ म्हणू लागले. शहराच्या मुख्य रेल्वेस्थानकाजवळून ती निघे आणि अब्बासियाच्या छावण्या मागे टाकून माळावर शिरे. नगरीत रुंद रस्ते आखले होते आणि पुष्कळ ठिकाणी रस्त्याच्या मध्यभागी रूळ व दुतर्फा झाडे अशी रचना होती. बेल्जियन वास्तुशिल्पी एर्नेस्त जास्पार यांनी मुख्य रस्त्यांवरील इमारतींना खालच्या मजल्यावर सलग कमानी दिल्या. या कमानींखालून चालणाऱ्यास भर दुपारी सावली मिळे आणि दुकानेही तेथेच असत. बाहेरून मनोरे, जाळीचे सज्जे आणि पट्टेदार भिंती असा मुसलमानी थाट. आत शिरावे तो पॅरिस किंवा ब्रसेल्स येथील बिऱ्हाडांसारखी खोल्यांची मांडणी. ‘पूर्वेचा पोशाख घातलेले पश्चिमेचे घर’ असे तिचे वर्णन करता येईल. हा देखावा कृत्रिम होता यात शंका नाही. पण कमानीची सावली कृत्रिम नव्हती, आणि वाळवंटात सावलीचे मोल कोणास सांगावयास नको.

जाहिरातीसाठी कंपनीने नाना उपाय योजिले. फेब्रुवारी १९१० मध्ये येथील माळावर विमानांचा मोठा मेळा भरला. माणसाला उडता येऊ लागून तेव्हा उणीपुरी सात वर्षेही झाली नव्हती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जास्पार यांनीच बांधलेले चारशे खोल्यांचे भव्य हॉटेल उघडले. घोड्यांच्या शर्यतींचे मैदान झाले, खेळांचे क्लब निघाले, लूना पार्क नावाची करमणुकीची बाग झाली. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचा लहान आदर्श पुढे ठेवून फ्रेंच वास्तुशिल्पी अलेक्झांद्र मार्सेल यांनी एक बॅसिलिका उभारली. आणि याच मार्सेल यांनी एम्पेन यांच्यासाठी जो राजवाडा बांधला, तो पाहून कोणीही हिंदी मनुष्य चकित झाल्याशिवाय राहणार नाही. ओडिशातील मंदिरे आणि कंबोडियातील अंकोरवाट यांवरून स्फूर्ती घेऊन, पोलादी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये घडविलेला तो वाडा. शिखर, हत्ती, नाग आणि आपल्या देवदेवतांच्या मूर्ती यांनी तो अंतर्बाह्य भरलेला आहे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात मार्सेल यांनी कंबोडियाचे दालन उभारले होते. तोच प्रदर्शनी थाट येथे घरावर चढला. ज्यांच्या कल्पनेत आपला धर्म ही एक शोभेची वस्तू होती अशांनी, इजिप्तच्या वाळवंटात, ग्रीक नावाच्या गावी, बेल्जियन धनिकासाठी बांधलेले हे हिंदू देवालयाच्या रूपाचे निवासस्थान! साम्राज्यांच्या त्या युगात जगातील सर्व संस्कृती एकाच दुकानात मांडलेल्या असत, याचा याहून ठसठशीत पुरावा सापडणे कठीण.

पण राजवाडे आणि हॉटेले म्हणजे नगरी नव्हे. नगरीचा खरा दिवस सकाळी मेट्रोच्या थांब्यावर उजाडे. कैरोतील बँका, पेढ्या, वकिलांच्या कचेऱ्या आणि सरकारी खाती यांतून काम करणारे लोक गाडीने शहरात जात आणि संध्याकाळी परत येत. सीरिया-लेबनॉनकडचे ख्रिस्ती, आर्मेनियन, ग्रीक, इटालियन, ज्यू, युरोपीय, आणि उत्तरोत्तर वाढत्या संख्येने इजिप्ती कॉप्ट व मुसलमान अशी येथली वस्ती. प्रत्येक पंथाचे चर्च, ज्यूंचे प्रार्थनामंदिर, मुसलमानांची मशीद, फ्रेंच मिशनऱ्यांच्या शाळा. घरात ज्याची त्याची भाषा, दुकानात अरबी, आणि शिकलेल्यांच्या बैठकीत बहुधा फ्रेंच. जेथे गाडी वळण घेई त्या भागास ‘कोर्बा’ हे नाव पडले. वळण या अर्थाच्या परकी शब्दाचाच तो अपभ्रंश असे सांगतात. दुसऱ्या एका चौकाने तेथील रॉक्सी या चित्रपटगृहाचे नाव घेतले. कंपनीच्या नकाशावरील नावे कोणती होती हे लोक विसरले आणि गाडीच्या वळणाने दिलेले नाव मात्र टिकले. वसंतात खमासीन नावाचा उष्ण वारा सुटे आणि वाळवंट आपला हक्क सांगावयास दारातून घरात येई. मग खिडक्या लावून बसावे आणि वारा पडल्यावर अंगण झाडावे. झाडांना पाणी, पायरीवरील वाळूला झाडू आणि सकाळच्या गाडीला वेळेवर हजेरी, या तीन नेमांवर त्या नगरीचे सारे सुख उभे होते.

येथे एक तुलना सहज सुचते. हेलिओपोलिस आकार घेत असतानाच, १९११ साली, हिंदुस्थानची राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाली आणि १९३१ साली नव्या दिल्लीचे उद्घाटन झाले. दोन्ही ठिकाणी जुन्या महानगरास लागून नवे नगर आखले गेले आणि दोन्ही ठिकाणी मूळ वस्तीपासून अंतर राखण्याची दृष्टी होती. परंतु नव्या दिल्लीत हुद्दा पाहून घर मिळे. हेलिओपोलिसात खिसा पाहून. हुद्द्याचे घर निवृत्तीबरोबर सोडावे लागते, हे आपणां वाचकांस सांगणे नको. खिशाचे घर आपले असते असे वाटते खरे, पण तेही किती आपले असते हे पुढे दिसून आले.

दरम्यान दोन महायुद्धे या नगरीवरून गेली. १९१५ च्या आरंभी त्या भव्य हॉटेलात ऑस्ट्रेलियन सैन्याचे रुग्णालय थाटण्यात आले. एप्रिल महिन्यात गॅलिपोलीची मोहीम सुरू होताच जखमींचा असा लोंढा आला की, लूना पार्कची करमणुकीची बागही इस्पितळ झाली. दुसऱ्या महायुद्धात येथील विमानतळ इंग्रजांच्या उपयोगी पडला आणि नगरीच्या सीमेवर सुमारे सतराशे सैनिकांची दफनभूमी झाली. त्या दफनभूमीशी आपले एक नाते आहे. पहिल्या महायुद्धात इजिप्त व पॅलेस्टाइन येथे कामी आलेल्या हिंदी सैन्यातील सुमारे चार हजार वीरांचे स्मारक १९२६ साली सुएझ कालव्याच्या मुखाशी, पोर्ट तौफिक येथे, उभारण्यात आले होते. १९६७ ते १९७३ च्या दरम्यान इजिप्त-इस्रायल संघर्षात ते भग्न झाले आणि पाडून टाकावे लागले. मग ती नावे हेलिओपोलिसच्या दफनभूमीत नव्याने कोरण्यात आली आणि १९८० साली भारताच्या राजदूतांच्या हस्ते त्या स्मारकाचे अनावरण झाले. एम्पेन यांच्या वाड्यावर आपले देव शोभेसाठी आले. येथे आपली माणसे नावापुरती आली. देवांना शिखर मिळाले आणि माणसांना भिंतीवरची एक ओळ. परदेशी हुकमाने परदेशी मेलेल्यांच्या वाट्यास एवढे आले, हेही थोडके नव्हे.

१९२९ साली एम्पेन बेल्जियममध्ये निवर्तले. त्यांचे शव त्यांच्या इच्छेप्रमाणे आणून बॅसिलिकेत पुरण्यात आले. मालक आपल्या गावी परतून आले, परंतु गाव तोपर्यंत मालकाचे राहिले नव्हते. ते राहणाऱ्यांचे झाले होते. इजिप्ती मध्यमवर्ग, लष्करी अधिकारी आणि सरकारी नोकर येथे येऊ लागले होते आणि ते त्यास हेलिओपोलिस न म्हणता ‘मस्र अल्-गदीदा’ म्हणत. मस्र म्हणजे इजिप्त, आणि कैरोकरांच्या तोंडी कैरोही तेच. तेव्हा या नावाचा अर्थ नवे कैरो असाही होतो आणि नवे इजिप्त असाही. १९५२ साली क्रांती झाली, राजा गेला. नासर यांचे निवासस्थान जवळच्याच मनशियत अल्-बकरी भागात होते आणि १९७० साली तेथेच त्यांचा अंत झाला. १९५६ च्या सुएझ युद्धानंतर इंग्रज, फ्रेंच आणि पुष्कळ ज्यू कुटुंबांना देश सोडावा लागला. पुढे उद्योगधंद्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर ग्रीक, आर्मेनियन आणि सीरियन कुटुंबांतीलही बरीच निघून गेली. कंपनी सरकारी मालकीची झाली. हॉटेल बंद पडले, त्यात सरकारी कचेऱ्या आल्या. १९७२ साली इजिप्त, लिबिया व सीरिया यांच्या अरब प्रजासत्ताक संघाचे मुख्य कार्यालय तेथे आले. संघ टिकला नाही, पण त्यावरून वास्तूस ‘इत्तिहादिया’ हे नाव चिकटले. पुढे तीच वास्तू राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद झाली, आणि २०१२ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांच्या विरोधात हजारो लोक तिच्या भिंतींपाशी जमले.

राष्ट्रीयीकरण अन्याय्य होते असे आम्ही म्हणत नाही. फेद्दानास एक पौंड या दराने देशाची भूमी परकी कंपनीस देणे हाच मुळात पराधीनतेचा पुरावा होता आणि स्वतंत्र राष्ट्राने तो पुसून टाकणे स्वाभाविक होते. परंतु निघून गेलेल्या त्या कुटुंबांविषयी आम्हांस वाईट वाटते. त्यांतील कित्येकांचा जन्म तेथेच झाला होता. भाड्याच्या बिऱ्हाडात, उसन्या भाषेत, रोज त्याच गाडीने जात-येत त्यांनी एक आयुष्य उभे केले होते. गाव आपले आहे असे त्यांस वाटत होते. गावाच्या कागदपत्रांत मात्र ते परकेच होते. नोकरीच्या आज्ञेने ज्यांनी दिल्ली, कलकत्ता, लखनौ, जबलपूर अशी बिऱ्हाडे पाठीवर घेतली, त्यांस हे दुःख सविस्तर सांगण्याची आवश्यकता नाही. आपण आपल्याच देशात आहो हे आपले भाग्य. तरीही ज्या गावी मुले वाढली ते गाव आपले की परके, हा प्रश्न बदलीच्या हुकमाबरोबर दारात उभा राहतोच.

त्यांच्या जागी जे आले त्यांनी ते गाव टाकले नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. नव्या रहिवाशांनी त्याच कमानींखाली खरेदी केली, त्याच थांब्यांवर गाडीची वाट पाहिली. परक्या कंपनीने माल म्हणून मांडलेली नगरी त्यांनी माहेरासारखी जपली. तथापि झाडांना पाणी घालण्यात ज्याचे हित होते असा कोणी धनी आता उरला नव्हता. कैरो वाढत वाढत नगरीच्या पलीकडे गेले. वाळवंटाची सीमा मैलोगणती पुढे सरकली. बंगले पाडून तेथे उंच इमारती झाल्या. ट्राम जुन्या झाल्या, त्यांची गती मंदावली आणि मोटारींचा वेढा पडला. अखेर २०१० च्या दशकात रूळ टप्प्याटप्प्याने उखडण्यात आले. २०१९-२० मध्ये रस्ते रुंद करण्यासाठी मधल्या बागा काढल्या गेल्या, झाडे तुटली आणि उड्डाणपूल उभे राहिले. भुयारी रेल्वेची स्थानके याच सुमारास नगरीत उघडली, ही गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. दूरच्या प्रवाशांची त्यामुळे सोय झाली. परंतु सावलीतून चालत थांब्यावर यावे आणि शेजाऱ्यास नमस्कार करून गाडीत चढावे, ही जी रस्त्यावरची ओळख होती ती भुयारात उतरली नाही. २०११ पासून काही नागरिक या वारशाच्या रक्षणासाठी संघटितपणे बोलू लागले होते. बॅसिलिकेजवळून पूल जाणार अशी वार्ता २०२१ च्या आरंभी पसरली, तेव्हाही रहिवाशांनी मोठा आक्षेप घेतला. आक्षेप घेणारे बहुतेक सारे इजिप्तीच होते. बेल्जियन मालकाच्या नगरीसाठी इजिप्ती नातवंडांनी भांडावे, यात आम्हांस विसंगती दिसत नाही. गाव कोणी बांधले यापेक्षा गावात कोण वाढले, हे नाते अधिक जवळचे असते.

एम्पेन यांच्या वाड्याची गोष्टही याच कथेत मोडते. कुटुंबाने तो १९५० च्या दशकात विकला आणि नंतर कित्येक वर्षे तो रिकामा पडून राहिला. रिकाम्या घरात गोष्टी राहावयास येतात. त्याचा मनोरा म्हणे सूर्याबरोबर फिरत असे. तेथे म्हणे रात्री आवाज येत. १९९७ साली तेथे जमणाऱ्या पाश्चात्त्य संगीताच्या शौकीन तरुणांवर सैतानपूजेचा आरोप येऊन धरपकडही झाली. २००५ साली सरकारने वाडा ताब्यात घेतला आणि डागडुजी होऊन २०२० साली तो लोकांसाठी खुला झाला. आत नगरीच्या इतिहासाचे प्रदर्शन आहे आणि बागेत जुन्या ट्रामचा एक डबा दुरुस्त करून, रंगवून ठेवला आहे. ज्या वर्षांत रस्त्यावरचे रूळ निघाले, त्याच वर्षांत डबा बागेत आला. ज्या गाडीने वाळूची जमीन केली आणि जमिनीचे गाव केले, ती आता तिकीट काढून पाहावयाची वस्तू झाली. लेण्यातील मूर्ती संग्रहालयात नेऊन ठेवली तर ती सुरक्षित राहते; तिच्यापुढील दिवा मात्र विझतो.

आणि वाळवंट? त्याचा ग्रास अद्याप चालूच आहे. हेलिओपोलिसच्या पलीकडे ‘नवे कैरो’ या नावाची नगरी २००० पासून उभी राहिली. तेथे कुंपणबंद वसाहती, तलाव आणि हिरवळी आहेत. त्याही पलीकडे, कैरोपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर, नव्या प्रशासकीय राजधानीची घोषणा २०१५ साली झाली. २०२३ साली सरकारी खात्यांचे हजारो नोकर तेथे कामास जाऊ लागले. त्यांच्यासाठी २०२२ पासून विजेची गाडीही धावू लागली आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जो कारकून सकाळी वाळवंटातून शहराकडे जाई, त्याचा पणतू आज शहरातून वाळवंटाकडे जातो. दिशा उलटली, येरझार कायम राहिली. या नव्या नगरांतही पाणी दुरून येते, सावली विकत मिळते आणि जाहिरातीत मरूद्यानाचेच चित्र असते.

हेलिओपोलिसच्या इतिहासाने आम्हांस जे शिकविले ते एवढेच. नगरी वसविण्यास भांडवल लागते, सनद लागते, अभियंता लागतो. ही सर्व सामग्री पैशाने मिळते. परंतु तिचे गाव होण्यास दोन-तीन पिढ्यांनी रोज त्याच रस्त्याने जावे-यावे लागते, आणि हे पैशाने होत नाही. ज्यांनी असे गाव घडविले त्यांच्या हाती मात्र ते राखण्याचा अधिकार क्वचितच असतो. कंपनीच्या काळात तो कंपनीकडे होता, नंतर सरकारकडे गेला. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसास झाड तोडताना कोणी विचारले नाही. आपण जेथे जेथे बदलीवर जातो, तेथे तेथे अशीच एखादी नगरी शहराच्या कडेने वाढत असते आणि आपणच तिचे पहिले रहिवासी असतो. पुढील हुकूम येईपर्यंत दोन-चार वर्षेच का होईना, दारापुढील झाडास पाणी घालावे, वसाहतीच्या सभेस जावे, रस्ता रुंद करण्याचा कागद आला तर तो वाचून त्यावर आपले मत नोंदवावे. सही करण्यात ज्यांचा जन्म जातो त्यांनी आपल्या गावासाठी एक सही करावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. सूर्यनगरीचा स्तंभ चार हजार वर्षे आपल्या जागी उभा आहे. झाडाला तेवढे आयुष्य नसते, त्यास रोज कोणी तरी लागते.